कनान ही बाबिलोनची नक्कल नव्हती

प्राचीन पश्चिम आशियाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात कनानी लोकांच्या वाट्याला बहुधा दोनच विधाने येतात. इस्राएलने त्यांना जिंकून त्यांचा देश घेतला, हे एक. आणि त्यांचे देव, त्यांच्या कथा, कायदे, लेखनविद्या हे सगळे बाबिलोनहून उचललेले होते, हे दुसरे. पहिल्या विधानाबद्दल उत्खननशास्त्राला बरेच सांगायचे आहे, पण तो वेगळा विषय. दुसरे विधान मला इथे खोडून काढायचे आहे. ते अर्धवट पुराव्यावर उभे राहिले, पुरावा वाढला तेव्हा ते मागे घ्यायला हवे होते, आणि तरीही ते आजतागायत सिद्ध गोष्ट असल्यासारखे सांगितले जाते. याची मला मनापासून चीड आहे.

कनान म्हणजे आजचा लेबनॉन, इस्राएल, पॅलेस्टाइन आणि त्यांना लागून असलेला सिरिया-जॉर्डनचा काही भाग. बाबिलोन आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला. मधे वाळवंट पसरलेले असल्यामुळे व्यापारी आणि दूत सरळ रेषेत जात नसत. युफ्रेटिसच्या काठाने वर चढायचे, मारी शहर गाठायचे, तिथून अलेप्पोच्या किंवा दमास्कसच्या बाजूने पश्चिमेला वळून मग दक्षिणेकडे उतरायचे, अशी ती वाट. ही वाट लक्षात ठेवायला हवी. कनान आणि बाबिलोन यांच्यातली देवघेव बहुतेक वेळा या मधल्या शहरांच्या हातून झाली, आणि ‘बाबिलोनहून आले’ म्हणून जे सांगितले जाते त्यातले बरेचसे या मधल्या मुलखाचेच आहे.

नकलेचा हा आरोप आला कुठून? त्याचे दोन उगम आहेत आणि दोन्हींची योग्यता सारखी नाही. पहिला अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याचा. त्याने १८५३ साली एक चोपडे लिहिले आणि १८५८ मध्ये ते वाढवून ‘द टू बॅबिलन्स’ हा ग्रंथ केला. त्याला रोमन कॅथलिक पंथावर हल्ला चढवायचा होता. त्यासाठी त्याने असे मांडले की जगातली सगळी मूर्तिपूजा बायबलमधला निम्रोद आणि सेमिरामिस या जोडप्यापासून बाबिलोनमध्ये सुरू झाली. कनानचे देव, बाल, अश्तोरेथ, सगळे त्यांचेच अवतार. तारखा बघा. बाबिलोनच्या अक्काडी भाषेची कीलाक्षर लिपी आपल्याला खरोखर वाचता येते की नाही, याची लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने चार विद्वानांकडून परीक्षा घेतली ती १८५७ साली. कनानी जगाच्या कथा ज्या पाट्यांवर मिळाल्या त्या सिरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितच्या पाट्या जमिनीतून वर आल्या १९२९ मध्ये. म्हणजे ज्या दोन संस्कृतींचा संबंध हिस्लॉप छातीठोकपणे सांगत होता त्यांपैकी एकीचे साहित्य नुकते कुठे वाचता येऊ लागले होते आणि दुसरीचे कोणी पाहिलेलेही नव्हते. त्याची सेमिरामिस ग्रीक दंतकथांतून आलेली. इतिहासातली सम्मुरामत ही इ.स.पू. नवव्या शतकातली असिरियाची राणी, निम्रोदच्या काळाशी तिचा काही संबंध नाही. हे पुस्तक अजून छापले जाते. त्यातली मते पुस्तकाचे नावही न घेता पत्रकांतून आणि प्रवचनांतून फिरतात, म्हणून त्याचा उल्लेख करावा लागला.

दुसरा उगम गंभीर आहे. फ्रीडरिश डेलिच हा अक्काडी भाषेचा मोठा पंडित होता. त्याचे व्याकरण आणि कोश यांवर एक पिढी शिकली. १३ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनमध्ये, खुद्द कैसर विल्हेल्म दुसरा समोर बसलेला असताना, त्याने ‘बाबेल आणि बायबल’ हे व्याख्यान दिले. जलप्रलय, शब्बाथ, सृष्टीची उत्पत्ती यांची मुळे बाबिलोनमध्ये आहेत, हे त्याचे म्हणणे. आणि इस्राएली लोक कनानात आले तेव्हा तो देश बाबिलोनी संस्कृतीने पूर्ण व्यापलेला होता, हा त्याचा दुवा. ह्यूगो विंकलर आणि पेटर येन्सन यांनी हे आणखी ताणले. येन्सनने तर गिल्गामेशच्या महाकाव्यात जगभरच्या कथांचे मूळ शोधले. डेलिचचा शेवटचा ग्रंथ १९२० साली आला, त्याचे नाव ‘महाफसवणूक’. त्यात जुना करार ख्रिस्ती माणसाने टाकून द्यावा असे तो लिहितो आणि ज्यूद्वेष उघड बोलतो. एखाद्या समाजाकडे स्वतःचे काहीच नाही असे एकदा ठरवले की पुढची पायरी कोणती असते, ते जर्मनीने दहा-वीस वर्षांत दाखवले. म्हणून हा प्रश्न मला नुसता ग्रंथालयातला वाटत नाही.

डेलिचच्या हातात पुरावा होता, हे मान्य केले पाहिजे. १८८७ साली इजिप्तमधील अमार्ना इथे मातीच्या पाट्यांचे दप्तर सापडले. सुमारे ३८० पाट्या, इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या, बहुतेक पत्रे. जेरुसलेम, मगिद्दो, बिब्लॉस, तूर, अक्को अशा कनानी नगरांच्या राजांनी आपल्या धन्याला, म्हणजे इजिप्तच्या फेरोला, लिहिलेली पत्रे यात आहेत, आणि ती कनानी भाषेत नाहीत, इजिप्शियनमध्येही नाहीत. ती बाबिलोनच्या अक्काडी भाषेत आहेत. यावरून डेलिचने निष्कर्ष काढला: ज्यांची भाषा ते लिहीत होते त्यांच्या संस्कृतीत ते बुडालेले होते.

पण पत्रे जवळून वाचा. बिब्लॉसच्या रिब-हद्दाची साठेक पत्रे आहेत. शत्रू दाराशी आला, धान्य संपले, धनुर्धारी पाठवा, ही त्याची एकच विनवणी. त्याच्या लेखनिकाने शब्द अक्काडी वापरले, पण क्रियापदे चालवली ती आपल्या बोलीच्या नियमाने. काळ, अर्थ, वाक्यातली पदांची जागा, सगळे कनानी. विल्यम मोरान यांनी १९५० साली बिब्लॉसच्या पत्रांवरच्या प्रबंधात हे दाखवले, आणि अँसन रेनी यांनी १९९६ मध्ये त्याचे चार खंडांचे व्याकरण लिहिले. चार खंड! चुका म्हणून सोडून द्यावे असे ते काही नाही. ती नियमाने चालणारी कामकाजाची भाषा आहे. जेरुसलेमच्या अब्दी-हेबाच्या एका पत्रात, राजाच्या बलवान हाताने आपल्याला हे पद दिले असे सांगताना, लेखनिक ‘हात’ हे चिन्ह लिहितो, शेजारी एक तिरपी खूण करतो आणि स्वतःच्या बोलीतला शब्द ‘झुरुह’ लिहून टाकतो. अशा खुणा या दप्तरात अनेक ठिकाणी आहेत. हा माणूस बाबिलोनी झालेला नाही. तो कनानी भाषेत विचार करतो आणि दरबारी रिवाज म्हणून परक्या भाषेत लिहितो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. आपल्या दप्तरखान्यांतले रुमाल सोडले की प्रत्येक ओळीत फारसी शब्द दिसतात. चिटणीस, फडणीस, जमाखर्च, तहनामा सगळे तिकडचे. शिवछत्रपतींना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला इतकी ती भाषा कारभारात मुरली होती. पण वाक्य मराठी, क्रियापद मराठी, राज्य मराठ्यांचे. या कागदांवरून कोणी असे म्हणाले की मराठ्यांचा धर्म, त्यांचे अभंग, त्यांचे ग्रामदैवत इराणहून आले, तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू. कनानी लेखनिकाच्या बाबतीत मात्र नेमका हाच तर्क शंभर वर्षे चालवून घेतला गेला.

आणखी एक साधी गोष्ट डेलिचच्या बाजूचे लोक सांगत नाहीत. त्याच अमार्नाच्या दप्तरात खुद्द इजिप्तच्या फेरोची अक्काडी पत्रे आहेत. तिथे अदापा आणि नेर्गल-एरेश्किगल या बाबिलोनी कथांच्या प्रती सापडल्या. अदापाच्या पाटीवर शिकणाऱ्याला शब्द तोडून वाचता यावेत म्हणून लाल शाईचे ठिपके दिलेले आहेत. म्हणजे इजिप्तचे कारकूनसुद्धा बाबिलोनी कथा गिरवून ही भाषा शिकत होते. अनातोलियातले हित्ती राजेही तीच वापरत. मग इजिप्त बाबिलोनची नक्कल होता का? असे कोणी म्हणत नाही, कारण इजिप्तचे पिरॅमिड डोळ्यांपुढे उभे आहेत. कनान लहान, तुकड्यातुकड्यांत विभागलेला, परसत्तेखाली राहिलेला. त्याच्यासाठी निराळा न्याय. मला आक्षेप आहे तो या दुजाभावाला.

मगिद्दोचा गिल्गामेश असाच चुकीच्या खात्यात टाकला जातो. त्या महाकाव्याच्या पाटीचा एक तुकडा तिथे मिळाला, गिल्गामेशचा मित्र एन्किदू याच्या मरणाच्या प्रसंगाचा, आणि १९५९ साली तो प्रसिद्ध झाला. बाबिलोनहून आणलेली पोथी, असे तेव्हा सहज मानले गेले. २००९ मध्ये त्या मातीची तपासणी प्रसिद्ध झाली आणि माती निघाली कनानच्याच दक्षिणेकडच्या टेकड्यांतली, गेझेरच्या बाजूची. म्हणजे पाटी देशातच लिहिली गेली. स्थानिक लेखनिकांना ही कथा ठाऊक होती आणि ते ती लिहीत होते. परदेशी अभिजात ग्रंथ वाचणारा समाज कंगाल असतो, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

उसनवारी झालीच नाही असे मी म्हणत नाही. म्हणालो तर मीही डेलिचइतकाच एकांगी ठरेन. हासोर या उत्तरेकडच्या मोठ्या कनानी नगरात, जिथे १९५० च्या दशकात यिगाएल यादिन यांनी खोदले आणि १९९० पासून अम्नोन बेन-तोर यांनी काम पुढे नेले, तिथे शकुन पाहण्यासाठी वापरायच्या यकृताच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या. ही विद्या पूर्वेकडून आली यात शंका नाही. तिथेच २०१० साली एका कायदेसंग्रहाचे दोन लहान तुकडे मिळाले. शरीराला इजा झाली तर भरपाई किती, अशी कलमे त्यांत आहेत आणि त्यांची घडण हम्मुराबीच्या कायद्यांच्या वळणाची आहे. घेतले ते घेतले. लिपी, शाळा, शकुनशास्त्र, करारनाम्याची भाषा, कलमे लिहिण्याची रीत ही कारभाराची साधने होती आणि ती पूर्वेकडून आली. पण साधनांच्या पलीकडे गेले की चित्र बदलते.

आधी नाते कोणत्या प्रकारचे होते ते पाहू. मारी शहराच्या राजवाड्यात, जिथे आंद्रे पारो यांनी १९३३ मध्ये खोदायला सुरुवात केली, वीस हजारांच्या वर पाट्या मिळाल्या. बाबिलोनच्या हम्मुराबीने ते शहर इ.स.पू. १७६० च्या सुमारास जिंकून उद्ध्वस्त केले, त्यामुळे दप्तर तिथेच गाडले गेले. त्यात कनानी माणसांचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख आहे. त्यात हासोरच्या राजाला, इब्नी-अद्दूला, कथील पाठवल्याची नोंद आहे. कथिलाशिवाय कासे होत नाही आणि कथील येई पूर्वेकडून. त्यात असेही आहे की बाबिलोनचे दूत बरेच दिवस हासोरला राहिले होते आणि हासोरचा एक माणूस सोबत घेऊन परत निघाले. दूत नक्कल करणाऱ्याकडे जाऊन महिनोन् महिने राहत नाहीत. ज्याच्याशी व्यवहार करायचा असतो त्याच्याकडे राहतात.

पुढे चौदाव्या शतकात बाबिलोनचा राजा बुर्ना-बुरियाश याची अमार्नातली दोन पत्रे दोन्ही देशांच्या थेट संबंधांबद्दल आहेत, आणि आश्चर्य असे की ‘बाबिलोनी कनान’ सांगणाऱ्यांच्या लेखनात त्यांना फारसे स्थान नसते. एकात तो फेरोकडे तक्रार करतो: माझे व्यापारी कनानात हिन्नातुना गावी लुटून मारले गेले, अक्कोच्या राजाचा मुलगा त्यात आहे, देश तुझा आहे, भरपाई तू दे. दुसऱ्यात तो आठवण करून देतो की त्याच्या पूर्वजाच्या, कुरिगाल्झूच्या, काळी कनानी लोकांनी इजिप्तविरुद्ध एकत्र उठू असा निरोप बाबिलोनला पाठवला होता आणि कुरिगाल्झूने तो फेटाळला. काय दिसते यातून? बाबिलोनच्या राजाला कनान हा आपला प्रांत वाटत नव्हता. आपल्या माणसांच्या खुनाची दाद त्याला इजिप्तकडे मागावी लागत होती. आणि कनानी राजे बाबिलोनकडे गुरू म्हणून पाहत नव्हते, संभाव्य मित्र म्हणून पाहत होते.

साम्याचे मोठे कारण याच्याही मागे आहे: समान पूर्वज. हम्मुराबी आपल्याला बाबिलोनचा सर्वांत प्रसिद्ध राजा म्हणून माहीत आहे, पण त्याचे घराणे बाबिलोनचे मूळ रहिवासी नव्हते. ते अमोरी, पश्चिमेकडून आलेल्या टोळ्यांतले. त्याचे नाव अमोरी भाषेतले. या घराण्याची एक वंशावळ १९६६ साली प्रसिद्ध झाली. पितरांना अन्नपाणी देताना त्यांची नावे घ्यायची ती ही पाटी आहे, आणि त्या नावांत दिदानू हे नाव येते. आता सिरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितला या. तिथे राजाच्या अंत्यविधीची एक पाटी मिळाली. तीत मृत राजांना आणि दिदानूच्या सभेला बोलावले आहे. हजारभर किलोमीटर अंतर, मधे काही शतके, आणि दोन्ही राजघराणी एकाच पूर्वजाच्या नावाने पिंड ठेवतात. उगारितच्या शेवटच्या राजाचे नाव अम्मुरापी, म्हणजे हम्मुराबीच. २०२२ मध्ये अमोरी-अक्काडी अशा दुभाषी दोन पाट्या अँड्र्यू जॉर्ज आणि मान्फ्रेड क्रेबेर्निक यांनी प्रसिद्ध केल्या, तेव्हा अमोरी ही कनानी भाषांची जवळची बहीण असल्याचे आणखी स्पष्ट झाले. मग बाबिलोन आणि कनान यांच्यात जे सारखे दिसते त्यातले कितीतरी बाबिलोनने पश्चिमेला दिलेले नसून पश्चिमेने बाबिलोनात नेलेले असणार. चुलत भावांचे नाक सारखे असले म्हणजे एकाने दुसऱ्याचे चोरले असे होत नाही.

(उगारितबद्दल एक खुलासा हवा. तिथले लोक स्वतःला कनानी म्हणवत नव्हते; त्यांच्या एका यादीत ‘कनानी’ माणूस परका म्हणून नोंदलेला आहे. पण देव, काव्याची घडण आणि भाषेची जवळीक पाहता कनानी धर्माबद्दल आपल्याला जे थेट कळते ते मुख्यतः उगारितमधूनच, आणि उसनवारीचा आरोप करणारेही दाखला तिथलाच देतात.)

आता या वादाचे मर्मस्थान. बाबिलोनचा मार्दुक समुद्ररूपी तिआमतला मारतो, तिचे शरीर दुभंगून आकाश रचतो, देवांचा राजा होतो. उगारितचा बाल समुद्रदेव यामला मारतो आणि राजा होतो. हा सारखेपणा दाखवून सांगितले जाते की बाल हा मार्दुकची गावठी आवृत्ती. कथा मोठीकडून छोटीकडे गेली.

कालक्रम लावून पाहू. मार्दुकचे काव्य, ‘एनूमा एलिश’, बहुतेक अभ्यासक इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ठेवतात. अभ्यासक लँबर्ट यांनी ते बाबिलोनचा राजा पहिला नबुखद्नेझर याच्या, म्हणजे इ.स.पू. १२व्या शतकाच्या अखेरच्या काळाशी जोडले. बालच्या कथेच्या सहा पाट्या इलिमिल्कू या लेखनिकाने लिहिल्या आणि त्या इ.स.पू. १२०० च्या सुमारास उगारित जळाले त्याआधीच्या आहेत. आणि या दोन्हींच्या आधीचा दाखला मारीच्या दप्तरात आहे. अलेप्पोहून नूर-सिन नावाचा अधिकारी मारीचा राजा झिम्री-लिम याला कळवतो की अलेप्पोच्या वादळदेवाने, अद्दूने, एका प्रवक्त्याच्या तोंडून सांगितले: ज्या शस्त्रांनी मी समुद्राशी लढलो ती मी तुला दिली. हे पत्र इ.स.पू. अठराव्या शतकातले. तेव्हा मार्दुक फक्त एका शहराचा देव होता आणि समुद्रयुद्धाचे त्याचे काव्य अस्तित्वात असल्याचा कुठलाही पुरावा नाही. डेन्मार्कमध्ये जन्मलेले सुमेरी संस्कृतीचे थोर पंडित थॉर्किल्ड याकोब्सन यांनी १९६८ सालीच, हे पत्र प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी, सुचवले होते की वादळ आणि समुद्र यांचे युद्ध ही कथा भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर जन्मली असावी आणि तिथून पूर्वेला गेली असावी. उगारितच्या उत्तरेला सुमारे १,७०० मीटर उंचीचा डोंगर थेट समुद्रातून उठल्यासारखा उभा आहे. बालचे सफोन ते हेच, आज त्याला जबल अक्रा म्हणतात. हिवाळ्यात ढग समुद्रावरून येऊन त्यावर आपटतात, विजा पडतात, लाटा किनाऱ्यावर फुटतात. वादळाने समुद्राला हरवले हे तिथे माणूस दर वर्षी डोळ्यांनी पाहतो. बाबिलोन नदीकाठच्या सपाट मैदानात, समुद्रापासून दूर.

मार्दुकच्या काव्याचे सगळे मूळ पश्चिमेला आहे, असेही मी म्हणणार नाही. त्यातला मोठा भाग निनुर्ता आणि अन्झू पक्ष्याच्या जुन्या कथेतून घेतलेला आहे, तो मेसोपोटेमियाचाच. शिवाय दोन्ही काव्यांचा आशय वेगळा आहे. मार्दुक सृष्टी घडवतो, त्याचे राज्य कायमचे होते, पन्नास नावांनी त्याचा गौरव होतो. बाल यामच्या शरीरापासून काहीही घडवत नाही. त्याला घर बांधायला देवांचा प्रमुख एल याची परवानगी मागावी लागते, घराला खिडकी ठेवावी की नाही यावर तो कारागीर-देव कोथारशी वाद घालतो, आणि मग मृत्युदेव मोट त्याला गिळतो. त्याची बहीण अनात त्याच्यासाठी मोटला कापते, पाखडते, जाळते, दळते, तेव्हा बाल परत येतो. पावसावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या देवाचे हे काव्य आहे; कालव्यांवर आणि साम्राज्यावर उभ्या असलेल्या राजधानीचे ते नव्हेच. नक्कल अशी नसते.

उगारितचे लेखनिक स्वतः काय मानत होते, याचाही लेखी पुरावा आहे. तिथे देवांच्या याद्या सापडल्या, एक उगारिती भाषेत आणि तिच्याशी जुळणारी एक अक्काडी चिन्हांत. कारागीर कोथारसमोर एआ, चंद्रदेव यारिखसमोर सिन, अश्तार्तसमोर इश्तार. बालसमोर कोण? अद्दूचे, म्हणजे वादळदेवाचे, चिन्ह. मार्दुक नाही. सूर्यासमोर शमश. पण बाबिलोनचा शमश पुरुष आहे आणि उगारितची शप्श देवी आहे. यादीत तिच्यासमोर शमशचे चिन्ह लिहिले गेले, तरी काव्यात आणि विधींत ती देवीच राहिली, देवांचा दिवा म्हणून. भाषांतराची ही कोष्टके बनवणाऱ्यांना आपला देव कोणता आणि त्यांचा कोणता हे नीट कळत होते.

जनुकशास्त्राचे नाव घेऊनही हल्ली हाच दावा केला जातो, म्हणून तेही थोडक्यात. सिदोनमधील इ.स.पू. १७०० च्या सुमाराच्या पाच सांगाड्यांचा अभ्यास २०१७ साली झाला. त्यांच्या वंशात स्थानिक नवाश्मयुगीन शेतकरी आणि प्राचीन इराणशी नाते असलेले लोक यांचे मिश्रण दिसले. यावरून ‘कनानी लोक बाबिलोनहून आले’ असा मथळा करणे चुकीचे आहे. हे मिश्रण बाबिलोन शहर नावारूपाला येण्याच्या आधीचे आहे, आणि इराणच्या झाग्रोस पर्वतातल्या डोंगराळ मुलखातले लोक म्हणजे बाबिलोनी नव्हेत.

आता लिपी. कनानी माणसाने कीलाक्षर शिकले, शेकडो चिन्हे घोकली, आणि त्याच काळात त्याच्या भाऊबंदांनी दुसरे काहीतरी करून ठेवले. सिनाईच्या सराबित अल-खादिम इथल्या पिरोजाच्या खाणींत फ्लिंडर्स पेट्री यांना १९०५ साली काही अनोळखी अक्षरे सापडली. ॲलन गार्डिनर यांनी १९१६ मध्ये त्यांतले ‘बालत’ हे देवीचे नाव वाचले. इजिप्शियन चित्रांचे आकार घेऊन, एका ध्वनीला एक चिन्ह असे तीसच्या आत आटोपणारे वर्ण कनानी भाषा बोलणाऱ्यांनी तयार केले होते. त्यात बाबिलोनचा काही वाटा नाही. लाखीशच्या उत्खननात २०१६ साली सापडलेल्या हस्तिदंती फणीवरचे कोरीव वाक्य २०२२ मध्ये वाचले गेले. बोटभर फणी, तिच्यावर १७ अक्षरे, सात शब्द: केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दाताने जाव्यात, एवढीच इच्छा. अभ्यासकांच्या मते ती इ.स.पू. १७०० च्या सुमाराची. दरबारी लेखनिकाखेरीज कोणी लिहिणार नाही अशा काळात एका कनानी माणसाने आपल्या फणीवर आपल्या भाषेत उवांबद्दल पूर्ण वाक्य लिहिले. मला ती फणी बऱ्याच राजलेखांपेक्षा मोलाची वाटते.

आणि या लिपीचे पुढे काय झाले ते पाहा. कनानी वारशातल्या फिनिशियन लोकांकडून ती अरामी लोकांकडे गेली, अरामीतून असिरियाच्या आणि बाबिलोनच्या कचेऱ्यांत शिरली. दुसऱ्या नबुखद्नेझरच्या काळात बाबिलोनमध्ये मातीवर लिहिणाऱ्याशेजारी कातड्यावर अरामी लिहिणारा लेखनिक बसलेला असे. हळूहळू मातीची पाटी मागे पडली आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात कीलाक्षर विझले. लेखनविद्या कोणी कोणाला दिली, हा हिशेब मांडायचा असेल तर त्याची ही बाजूही मांडा.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा नवी नाही. डेलिचच्या व्याख्यानाची लाट युरोपात जोरात असताना, १९१७ साली, रा. गो. भांडारकरांच्या गौरवग्रंथात लोकमान्य टिळकांनी खाल्डियन, म्हणजे बाबिलोनी, आणि भारतीय वेदांवर एक निबंध लिहिला. अथर्ववेदातल्या सर्पविषाच्या मंत्रांतले तैमात, आलिगी, विलिगी असे शब्द त्यांनी बाबिलोनी शब्दांशी ताडून पाहिले. त्यांची प्रत्येक जुळणी आज टिकेल असे नाही, आणि त्यांच्या काळच्या साधनांना मर्यादा होत्या. पण त्यांनी देवघेव दोन्ही बाजूंनी झाली असे गृहीत धरले, वेदांना खाल्डियनांची नक्कल ठरवले नाही, की खाल्डियनांना वेदांची. परक्या सभ्यतेशी संबंध तपासताना इतकी न्यायबुद्धी पुण्यात १९१७ साली होती. ती आज कनानच्या बाबतीत दाखवायला काय हरकत आहे?

बाबिलोनने कनानला शेवटी जे दिले ती कथा नव्हती, तो कायदाही नव्हता. इ.स.पू. ६०४ मध्ये दुसऱ्या नबुखद्नेझरने अश्कलोन जमीनदोस्त केले. बाबिलोनमधल्या त्याच्या राजवाड्यात रोबर्ट कोल्डेवाय यांना मिळालेल्या शिधावाटपाच्या याद्यांत अश्कलोनच्या राजाचे मुलगे, तूरचे लोक, बिब्लॉस आणि अर्वादचे सुतार यांना किती तेल द्यायचे ते लिहिलेले आहे. लेबनॉनमधल्या वादी ब्रिसाच्या खडकावर तोच राजा सांगतो की मार्दुकसाठी देवदार आपण तिथून तोडून नेले. कनानचे कारागीर आणि कनानचे लाकूड बाबिलोनला गेले, याचे लेखी पुरावे बाबिलोनच्याच हातचे आहेत.

तेव्हा वाचकांना एक विनंती. कनानी देव किंवा कथा बाबिलोनची उचल आहे असे कोणी पुन्हा सांगितले, तर नावांचा सारखेपणा ऐकून मान डोलावू नका. पाटी कुठे सापडली, ती कोणत्या शतकातली, माती कुठली, आणि लेखनिकाची बोली कोणती, हे विचारा. उत्तर देता आले नाही तर त्याचे म्हणणे मान्य करू नका.